चौदा बायका आणि एक कडू टेलर

आभाळ तीन दिवस तसंच तुंबून होतं. गळेना की उघडेना. वारा म्हणाल तर पान हलत नव्हतं, आणि गॅलरीतल्या दोरीवरचे कालचे कपडे अजून गार, दमट, हाताला चिकटणारे. तिनं ते एका अंगाला सरकवले आणि आजचे पिळून त्यांच्या शेजारी कसेबसे बसवले. वडलांचे दोन शर्ट, एक चादर, टॉवेल, आणि पाच पायमोजे. सहावा नेहमीप्रमाणे बेपत्ता. चिमटे कमी पडले तेव्हा एकेका चिमट्यात दोन-दोन मोजे अडकवले. वाळायचे तेव्हा वाळतील, आपण काय फुंकर मारत बसणार?

बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आता प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. गेली तीन वर्षं तो रोज साडेसातला येत होता, घड्याळ चुकेल पण तो चुकत नव्हता.

"काय गं, दारावर किती?"

दारावर म्हणजे वडलांच्या ब्लॉगवर. चाळीस वर्षं त्यांनी शिलाई मशिनी दुरुस्त केल्या. पुढे हात थरथरायला लागले, सुईच्या नेढ्यात दोरा जाईना, स्क्रूच्या खाचेत पेचकस बसेना, तेव्हा दुकान सोडलं. आता ते एका बोटानं टाइप करून मशिनींवर लिहीत. ब्लॉगचं नाव त्यांनीच ठेवलं होतं, 'सुई कुठे मोडते'. सकाळी उठून किती माणसं आली ते विचारायचं, कोणी काय लिहिलंय ते वाचायचं आणि दुपारपर्यंत उत्तरं द्यायची. दाढीसुद्धा ते त्यासाठीच करत. "लोक येणार म्हटल्यावर बरं दिसलं पाहिजे," असं म्हणत, आणि ती थट्टा नव्हती.

तिनं ओले हात कमरेला पुसले आणि फोन बघितला. अकरा.

काल रात्रीपर्यंतचा आकडा होता सत्तावीस. त्याच्या आदल्या दिवशी दोन हजार एकशे चाळीस.

"मीटर बंद पडलाय बाबा," ती गॅलरीतूनच ओरडली. "कंपनीचाच काहीतरी घोळ दिसतोय."

"मीटर बंद की माणसं बंद?"

"मीटर हो."

"बघ बाई. कारण कुंडीवालीसुद्धा दोन दिवस फिरकली नाही. आजारी-बिजारी आहे का कोण जाणे."

कुंडीवाली आजारी नव्हती. कुंडीवाली गॅलरीत उभी राहून बिनजोडीच्या मोज्याकडे बघत होती.

*

ऑफिसात तिला चौदाजणी म्हणत. म्हणणाऱ्यांना त्यात मोठा विनोद वाटे, पण नाव खोटं नव्हतं.

मुळात ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या. कोण कुठे अडखळतं, कोणाला लांब वाक्यांची हौस, कोण दर चौथ्या ओळीला 'खरं तर' म्हणतं, हे तिला माणूस न बघता कळायचं. लग्न झालं, टिकलं नाही. छापखाना होता, तोही टिकला नाही. आई गेली. मग 'मजकूर लिहिणारी पाहिजे' अशी जाहिरात बघून ती टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांच्या त्या कंपनीत गेली, आणि पहिल्याच दिवशी साहेबांनी धंदा समजावून सांगितला.

"हे बघ. इंटरनेटवर कोणाचं दुकान वर दाखवायचं हे सर्च कसं ठरवतं? त्याचा पत्ता किती जण सांगतात यावरून. नाक्यावर दहा जण म्हणाले की अमक्याकडे जा, तर अमका मोठा. दुसऱ्याच्या पानावर आपल्या पानाचा पत्ता, त्याला म्हणायचं बॅकलिंक. आता गिऱ्हाईक आपल्याकडे कशाला येतं? त्याचा पत्ता कोणी सांगत नाही म्हणून. तर घोडं पेंड कुठं खातंय? पत्ता सांगणारी माणसं नाहीत. ती आपण करायची."

घोडं पेंड कुठं खातंय हे साहेब दिवसातून वीस वेळा विचारत, म्हणून त्यांचं पाठीमागचं नाव पेंडसाहेब.

तिनं माणसं केली. बाकीचे लोक एका साच्यातून शंभर खाती काढायचे. दोन महिन्यांत ती पकडली जायची. हिनं चौदा बायका केल्या आणि त्यांना जिवंत ठेवलं. एक गच्चीत कुंड्या लावणारी. एक निवृत्त शिक्षिका, जिला सगळ्यांचं शुद्धलेखन खुपतं. एक जुळ्यांची आई, जी वाक्य अर्धं सोडून पळते. एक गुडघेदुखीवाली. प्रत्येकीचा ब्लॉग, प्रत्येकीच्या सोशल मीडियावरच्या गटातल्या मैत्रिणी, आणि प्रत्येकीची एक पातळ वही, जिच्यात तिची सासू केव्हा पडली, तिचा नवरा कशावर रुसला हे टिपलेलं. शिक्षिका कधी हसरा चेहरा टाकत नसे. जुळ्यांची आई पूर्णविराम देत नसे. कुंडीवाली मृदू होती, सगळ्यांना धीर द्यायची. गप्पांच्या भरात मध्येच कुठंतरी गिऱ्हाइकाच्या पानाचा पत्ता निघायचा, इतका सहज की वाचणाऱ्याला वाटावं, बाईनं मनापासून सांगितलं.

नवीन पोरांना ती एकच गोष्ट बजावायची. पत्ता देताना दर वेळी शब्द बदला. शंभर माणसं एकच वाक्य बोलायला लागली की बहिऱ्यालासुद्धा संशय येतो.

आणि घरी येऊन तिनं नेमकं तेच केलं.

*

झालं असं. दुकान सोडल्यावर वडील भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. बोलणं नाही, चिडणं नाही. तिनं त्यांना ब्लॉग काढून दिला, अक्षरं मोठी करून दिली. महिनाभर त्यांनी लिहिलं. महिन्यात चार माणसं आली, त्यातली तीन म्हणजे ती स्वतःच.

"बंद कर ते," एके दिवशी ते म्हणाले. "भिंतीशीच बोलायचं तर टाइप कशाला करू? तोंडानं बोलेन की."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तिनं कुंडीवालीची वही उघडली. कुंडीवालीनं बाबांना लिहिलं, 'काका, माझ्या सासूबाईंची मशीन टाके गाळते, काय करू?' संध्याकाळी घरी आली तर वडील टेबलाशी. दिवा लावायचंही सुचलं नव्हतं. एका बोटानं त्यांनी तीन पानी उत्तर लिहिलं होतं, आणि दाढी केली होती.

ती दाढी बघितली आणि तिचा तोल गेला. मग शिक्षिका आली, जुळ्यांची आई आली, गुडघेदुखीवाली पायमशीन चालवता येत नाही म्हणून रडत आली. मग कंपनीच्या तीनशे ब्लॉगांवर वडलांचा पत्ता पडला. गिऱ्हाइकांच्या कामातून चोरलेल्या पाच-पाच मिनिटांत शब्द बदलायला वेळ कुठला? एकच ओळ सगळीकडे चिकटवली, 'जुनी शिलाई मशीन दुरुस्ती'. वर कंपनीच्या ज्या प्रोग्रॅममधून पानं आपोआप उघडली जात, त्याला वडलांचं पानही लावून दिलं. रोज दोन हजार. सर्चमध्ये ब्लॉग वर गेला, सगळ्यात वर.

वर गेल्यावर खरी माणसंही आली असणार. किती, कोण, हे तिनं कधी बघितलं नाही. आकडा एकच दिसायचा, आणि तो बरा होता.

*

ती ऑफिसात पोचली तेव्हा खालच्या दुकानातला टायरचा वास जिन्यात कोंडला होता आणि वर तीन फोन एकदम वाजत होते. पेंडसाहेब शर्टाच्या बाहीनं मान पुसत होते.

"ये, चौदाजणी, ये. तुझ्या बायका मेल्या."

"काय झालं?"

"सर्चनं सगळं जाळं उचललं, पानं उघडणारा प्रोग्रॅम तर परवा रात्रीच बंद पाडला. तीनशे ब्लॉग एकाच छपराखाली, एकाच सर्व्हरवर ठेवलेले. एकाचा संशय आला, छप्परच धरलं त्यांनी. ज्या ज्या पानांचा पत्ता आपण दिला, ती सगळी पानं खाली. खाली म्हणजे कुठं? नाहीतच! शोधून सापडत नाहीत. सकाळपासून गिऱ्हाइकं माझ्या आईबापाचा उद्धार करतायत."

शेजारच्या टेबलावरची मुलगी, जिला सगळे घाई म्हणत, मान वर न करता म्हणाली, "आणि बाराला सर्व्हर बंद. सगळी खाती पुसायची. तुमच्या चौदाही."

"आज बाराला?"

"आजच," साहेब म्हणाले. "पुरावा ठेवून काय पूजा करू? प्रत्येक गिऱ्हाइकाची यादी करा. कुठले पत्ते आपण दिले, कुठले आपोआप आले. आपले आपण काढले म्हणून सर्चवाल्यांकडे कबूल करायचं, हात जोडायचे. सोडलं तर सोडलं."

ती उभीच राहिली. मग हळूच म्हणाली, "साहेब, एक पान आणखी आहे. माझ्या वडलांचं."

साहेबांनी मान पुसायची थांबवली. "वडलांचं? ते मशीनचं? ते तू जाळ्यात टाकलंस?"

"हो."

"अगं, मी माझ्या बायकोचं शिवणाचं पान टाकलं नाही!" ते खरोखरच दुखावल्यासारखे दिसले. "आपण काय विकतो हे आपल्याला माहीत नको? कोणत्या शब्दांनी टाकलंस?"

तिनं सांगितलं.

"सगळीकडे तेच?"

"सगळीकडे."

साहेब तिच्याकडे अशा नजरेनं बघत राहिले, जशी ती छापखान्यात शिकाऊ पोरांच्या कामाकडे बघायची. शेवटी म्हणाले, "कर त्यांचीही यादी. आधी ती कर."

तीनशे बारा पत्ते निघाले. आपले खोडायला तिला दोन तास लागले. तीनशे तीन खोडले, नऊ राहिले. एक शिवणवर्गाचं पान होतं. एक सुट्या भागांचं दुकान. एका बाईनं आईच्या मशीनवर चार ओळी लिहिल्या होत्या आणि खाली वडलांचा पत्ता दिला होता, 'या गृहस्थांमुळे चाक फिरलं' म्हणून. ती ओळ तिनं दोनदा वाचली. आपल्या चौदा बायकांपैकी एकीलाही असं वाक्य कधी सुचलं नव्हतं.

मग तिनं वडलांच्या पानाखालचे अभिप्राय काढले. दोन हजार सहाशे बारा. चौदा नावं गाळली की उरतील ते खरे, इतकं ते सोपं होतं, आणि तीन वर्षांत एकदाही तिला ते करावंसं वाटलं नव्हतं. एकोणसाठ उरले. लिहिणारी एकतीस माणसं.

"काय म्हणतायत मग खरे लोक?" घाईनं खुर्ची सरकवत विचारलं.

"वाचलं नाही अजून."

"आणि कुंडीवालीचं काय करणार? काकांना तिचा लळा आहे ना? असं करा, परदेशी पाठवा तिला, मुलाकडे. निरोपाचं लिहा छान. माझ्या दोघी तशाच गेल्या. एकीला तर मी मारून टाकलं, चाळीस जणांनी श्रद्धांजली वाहिली."

बाराला अठरा मिनिटं होती. तिनं कुंडीवालीचं खातं उघडलं. 'काका, एक सांगायचं होतं,' एवढं लिहिलं. हात चालेना. तीन वर्षं रोज चालला होता. मागचं वाचावं, म्हणजे सूर सापडेल, म्हणून ती वर वर सरकत गेली आणि दीड वर्षापूर्वीच्या एका जागी थांबली. तिथं कुंडीवालीच्या वरच एका खऱ्या माणसानं, वडील ज्याला कडू टेलर म्हणत त्यानं, लिहिलेलं होतं. तो अभिप्राय तिला आठवत होता, वडील दोन दिवस जेवले नव्हते त्यामुळे.

बाराला पडदा पांढरा झाला. 'काका, एक सांगायचं होतं' तसंच राहून गेलं. साहेबांनी न विचारताच तिला अर्धी सुट्टी दिली.

*

रस्ताभर ती वाक्यं जुळवत आली. मीटरचं आणखी आठ दिवस ताणता येईल. यादी पाठवली आहे, कदाचित सोडतील. तोवर सांगायचं, सर्चवाल्यांचं काम चालू आहे. खोटं बोलायचा सराव होताच. चौदा तोंडांनी बोललेली बाई एका तोंडानं काय अडखळणार?

दार उघडलं तर वडील टेबलाशी. दाढी केलेली नव्हती. टेबलावर त्यांची जुनी बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची डबी, पेचकस आणि तेलाची बुधली, आणि स्क्रीनवर त्यांचाच एक जुना लेख.

"लवकर आलीस?"

"काम नव्हतं."

"बरं झालं. ये, बस. हे बघ. सकाळपासून शोधतोय. सापडलं बहुतेक."

"काय सापडलं?"

"माणसं का गेली ते." त्यांनी चष्मा काढला. "दोन हजार माणसं एका दिवसात उगीच जात नाहीत. दुकानदारी केली आहे मी. गिऱ्हाईक एकदम तुटतं तेव्हा दोष गिऱ्हाइकाचा नसतो. आपण कोणाचं तरी नुकसान केलेलं असतं आणि ते गावभर झालेलं असतं. मी सगळं परत वाचून काढलं. हा बघ, खालून दोरा लोंबतो तो लेख. मी लिहिलंय, बॉबिन केसचा स्क्रू फिरवा."

तिनं पिशवी खांद्यावरून उतरवली.

"चूक आहे ते, पोरी. खालून फेरे लोंबतात तेव्हा दोष वरच्या दोऱ्यात असतो. वरचा दोरा ताणाच्या चकत्यांत नीट बसलेला नसतो. हे मी दुकानात झोपेत सांगितलं असतं. लिहिताना काय झालं कोण जाणे. हात हलत होता, कंटाळा आला होता, दुसऱ्याच मशीनचं डोक्यात होतं. आणि लोकांनी आपल्या चांगल्या केसचे स्क्रू फिरवून ठेवले असतील. एकदा तो बिघडला की बायकांना परत लागत नाही. गेली माणसं. बरोबर आहे त्यांचं."

त्यांचा हात बॉबिन केसवर होता, आणि ती टेबलावर टक टक वाजत होती.

आता गप्प बसायचं म्हणजे हे ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवून आपण कपडे वाळत घालायला जायचं. जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठं गेली.

"त्यामुळे नाही गेली, बाबा."

"मग?"

"ती नव्हतीच."

सांगायला तिला वाटलं त्यापेक्षा कमी वेळ लागला. जाळं, तीनशे ब्लॉग, आपोआप उघडणारी पानं. मशीन आवाज करते तेव्हा वडील कान देऊन ऐकत, तसे ऐकत राहिले.

"म्हणजे दोन हजार..."

"कॉम्प्युटर आपोआप पान उघडायचा. माणसं नाहीत."

"आणि लिहिणारे? ती शिक्षिका? माझे ऱ्हस्व-दीर्घ काढणारी?"

"मी."

"जुळ्यांची आई?"

"मीच."

"कुंडीवाली?"

तिनं मान हलवली.

"आणि तिची सासू? जिच्या मशीनसाठी मी पट्टा कुठं मिळतो ते चार ठिकाणी फोन करून विचारलं?"

"सासूही मीच, बाबा."

वडील हसले. तो हसण्याचा आवाज तिला आवडला नाही. "घरातल्या घरात मोठं कुटुंब जमवलंस की. आणि मी त्यांना जेवायच्या आधी उत्तरं देत होतो, जेवण तू वाढत होतीस." मग एकदम थांबले. "तो कडू टेलर? मला म्हणाला तो, चाळीस वर्षं काय गवत कापलंत? तोही तूच?"

"नाही. तो खरा आहे."

"खरा?"

"खरा."

वडलांनी चष्मा परत चढवला, लेखाच्या खाली गेले आणि बोट लावून मोठ्यानं वाचलं. "'खालून दोरा लोंबला तर दोष वर असतो. तुम्ही लोकांना खालचा स्क्रू फिरवायला सांगताय. चाळीस वर्षं काय गवत कापलंत?' बरोबर लिहिलंय. शब्द न् शब्द बरोबर. मला तेव्हाच शंका आली होती. दोन रात्री तीच डोक्यात होती. सकाळी उठून दुरुस्त करणार होतो." बोट खाली सरकलं. "मग हिनं लिहिलं. 'काका, त्यांचं मनावर घेऊ नका. तुम्ही सांगितलं तसा मी स्क्रू फिरवला आणि माझी मशीन लगेच सुरू झाली.'"

वडलांनी बोट काढलं आणि मागे वळून तिच्याकडे बघितलं.

"तुला बॉबिन भरता येते का गं?"

"नाही."

"मशीनला हात लावलायस कधी?"

"लहान असताना. तुम्ही ओरडला होतात, बोट सुईखाली जाईल म्हणून."

"तरी तुझी मशीन लगेच सुरू झाली."

"तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात," ती म्हणाली. आपला आवाज कुंडीवालीसारखा मऊ येतोय हे तिला ऐकू आलं आणि तिची तिलाच शिसारी आली. "मला दुसरं काही सुचलं नाही."

"उपाशी ठेवायचंस. दोन दिवसांनी कोणी मरत नाही." त्यांनी बॉबिन केस उचलून खणात टाकली आणि खण ढकलला. तो अर्धाच बंद झाला. "एक माणूस आला होता माझ्याकडे. जाणता. माझी चूक काढली त्यानं, माझ्या तोडीचा होता म्हणून काढली. त्याच्याशी भांडायला मजा आली असती मला. आणि तू त्याला माझ्या दारातून हाकललंस."

तिनं पिशवीतून कागद काढला आणि टेबलावर ठेवला. एकतीस नावं, हातानं लिहिलेली, ज्यानं जे विचारलं ते थोडक्यात पुढे.

"हे खरे आहेत. एवढेच."

वडलांनी कागद हातात धरला. तो इतका हलायला लागला की वाचता येईना. मग टेबलावर पसरून वर बुधली ठेवली. पहिलं नाव, दुसरं, तिसरं. बोट फिरत गेलं. मध्येच थांबलं.

"यांना मी उत्तर दिलं होतं?"

"आठ जणांना दिलं होतं."

"बाकीच्यांना?"

"तुम्ही म्हणायचात, आधी कुंडीवालीला देतो, मग शिक्षिकेला. दिवसाला दोनच जमायची."

ते मान हलवत राहिले. तेवीस माणसं. कोणाची सुई मोडत होती, कोणाचा पट्टा घसरत होता, एकीनं लिहिलं होतं की तीन वेळा विचारलं, आता शेवटचं. हे सगळं ती ऑफिसातून निघताना उभ्या उभ्या वाचून, उतरवून आली होती. आता त्यांचं बोट त्याच ओळींवरून जाताना बघणं वेगळं होतं.

"बाबा, मी टाइप करते. तुम्ही सांगा. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना..."

"तू हात लावू नकोस." आवाज चढलेला नव्हता. दुकानात कोणी उघड्या मशीनजवळ मूल घेऊन आलं की ते याच आवाजात बोलत. "माझ्या पानाला हात लावू नकोस. आणि उद्यापासून आकडा सांगू नकोस."

"सर्चमध्ये परत यायला वेळ लागेल. येईलच असंही नाही. हे लोक बघतील की नाही..."

"न बघू देत."

त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, म्हणजे बोट जरा स्थिर राहतं. पहिलं अक्षर चुकलं, खोडलं, परत मारलं. ती मागे उभी होती. 'कडू' नाही, त्याचं खरं नाव लिहीत होते ते, सावकाश, एकेक अक्षर शोधून. पुढे 'आपलं बरोबर होतं' एवढं व्हायला चार मिनिटं गेली. एकदा वाटलं, वळून काही म्हणतील. मान जराशी हललीसुद्धा. पण त्यांना 'ह' सापडत नव्हता.

"उजवीकडे, मधल्या..." ती बोलून गेली.

"माहीत आहे मला."

बाहेर कुठंतरी शटर ओढल्याचा आवाज झाला. आभाळ तसंच. वडील मान न वळवता म्हणाले, "त्या कपड्यांना वास मारायला लागलाय. इथवर येतोय."

ती गॅलरीत गेली. कालचे अजून ओले, आजचे त्याहून ओले. तिनं चादर काढून उलटी टाकली, शर्टांच्या बाह्या बाहेर ओढल्या, आणि एकेका चिमट्यात कोंबलेले मोजे सोडवून वेगवेगळे लावायला लागली. चिमटे पुरत नव्हते. पाचवा मोजा तिनं कठड्यावर पसरला आणि उडू नये म्हणून त्यावर कपडे धुवायचा ब्रश ठेवला.

आतून कीबोर्डचा एक टक आला. मग बऱ्याच वेळानं दुसरा.